उपाहारगृहातील लहान मूल : महाराष्ट्रातील बाहेरच्या खाण्याच्या इतिहासातील एक प्रकरण

१

सुरत–जळगाव लोहमार्गावर नवापूर व खांडबारा यांच्या दरम्यान चिंचपाडा हे एक लहान स्थानक आहे. हा मार्ग ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस बांधला. त्या वेळी हा मुलूख खानदेश जिल्ह्यात मोडत असे. १९०६ मध्ये त्या जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर तो पश्चिम खानदेशात आला, पुढे धुळे जिल्ह्यात राहिला आणि १ जुलै १९९८ रोजी नव्याने निर्माण झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झाला. नवापूर तालुक्यातील वस्ती प्रामुख्याने मावची, कोकणी, भिल्ल इत्यादी आदिवासी समाजांची आहे. अशा ठिकाणी उभे राहून पाहिले असता, आईबापांनी लहान मुलांना बरोबर घेऊन उपाहारगृहात जावे, काही मागवावे, खावे आणि पैसे देऊन बाहेर पडावे, ही शहरांत आज अगदी साधी मानली जाणारी गोष्ट मुळीच साधी राहत नाही. ती घडून येण्यास किती अटी पूर्ण व्हाव्या लागल्या व त्या कोणासाठी केव्हा पूर्ण झाल्या, हा प्रश्न उभा राहतो.

उपाहारगृहांचा इतिहास सामान्यतः मालकांच्या कर्तबगारीच्या किंवा पदार्थांच्या प्रसाराच्या अंगाने सांगितला जातो. मुंबईतील बाहेरच्या जेवणाचा विचार करताना फ्रँक कॉनलॉन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात जातिनिर्बंध आणि घरच्या अन्नाविषयीची निष्ठा यांचा परामर्श घेतला आहे. तथापि या इतिहासाचे मोजमाप लहान मुलाच्या उपस्थितीवरून करून पाहण्यासारखे आहे. पुरुष एकटा कोठेही शिरू शकतो, गरज पडल्यास चोरूनही खाऊ शकतो. मुलाला घेऊन जाणे म्हणजे घरच घेऊन जाणे होय. जेथे मूल उघडपणे बसून खाऊ शकते, ते स्थळ त्या कुटुंबाला खरोखर खुले झाले, असे म्हणावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखात या कसोटीने तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे : मुलाला बसण्याची मुभा कोणाला व केव्हा मिळाली; बसण्याची सोय कशी झाली; आणि मूल जेथे बसले तेथे त्याच्यापुढे बशी आणून ठेवणारा कोण होता.

२

घराबाहेर खाणे ही महाराष्ट्राला अपरिचित गोष्ट नव्हती. लग्नामुंजीची पंगत, देवस्थानचा प्रसाद, यात्रेतील फराळ हे सर्व घराबाहेरचेच खाणे होते आणि त्यात मुलांचे स्थान ठरलेले होते. पंगतीत मुलांना पुष्कळदा आधी बसवीत. परंतु ही पंगत नात्याची वा जातीची असे. तेथे पानावर बसण्याचा अधिकार निमंत्रणाने येई, पैशाने नव्हे. याखेरीज आणखी एक प्रकार होता. विद्येसाठी परगावी गेलेले गरीब ब्राह्मण मुलगे आठवड्याचे वार लावून निरनिराळ्या घरी जेवीत किंवा माधुकरी मागत. रोज परक्याच्या घरी जेवणारे मूल म्हणजे गरिबाचे मूल, ही समजूत या प्रथेमुळे दृढ झालेली होती. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरातील मुलाने बाहेर जेवावयाचे कारणच काय, असे पुढे अनेक वर्षे मानले गेले. त्याच्या मुळाशी हीही समजूत होती.

पैसे देऊन जेवण्याची संस्था म्हणजे खानावळ. ती कुटुंबापासून तुटलेल्या पुरुषासाठी जन्मास आली. मुंबईतील गिरण्यांत काम करण्यासाठी कोकणातून व देशावरून आलेले पुरुष आपली बायकामुले गावी ठेवून येत. १९११ व १९२१ या दोन्ही शिरगणतींत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साडेपाचशेहूनही कमी होती. या एका आकड्यातच खानावळीचे स्वरूप सामावलेले आहे. गिरणगावात अनेक खानावळी स्त्रिया आपल्या राहत्या खोलीत चालवीत. महिन्याच्या बोलीवर दहा-वीस कामगारांना जेवू घालीत. या स्त्रियांना सावकारी कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. या घरगुती खानावळींत मुले असत, पण ती मालकिणीची. जेवणाऱ्यांची मुले शेकडो मैलांवर गावी असत. अन्न शिजविणारी आई व जेवणारा बाप दोघेही एकाच खोलीत, परंतु कुटुंबे मात्र वेगळी, अशी ही विलक्षण स्थिती होती.

खानावळीचा हिशेबही मुलाला अनुकूल नव्हता. तेथे ताटावर पैसे घेतले जात. ‘एका ताटात दोघांनी जेवू नये’ अशी पाटी पुष्कळ ठिकाणी लावलेली असे. चार वर्षांचे मूल अर्धी पोळी, थोडा वरणभात खाते व उरलेले टाकते. त्याच्यासाठी पूर्ण ताट घ्यावे तर पैसे वाया, आणि आपल्या ताटातले भरवावे तर नियमभंग. ज्या संस्थेचे गणितच प्रौढ पुरुषाच्या भुकेवर बेतलेले आहे, तेथे मुलाला जागा नसणे स्वाभाविक होते.

तरीही बाहेरचे अन्न मुलापर्यंत पोहोचत होतेच. ते ज्या शब्दाने पोहोचले तो शब्द म्हणजे ‘खाऊ’. बाजारातून परतताना वडिलांनी किंवा आजोबांनी शेवेची, चिवड्याची, जिलेबीची पुडी आणावी आणि ती दारातच मुलाच्या हाती द्यावी, ही प्रथा सर्व थरांत आढळते. मुलाने दुकानात जाऊन खाणे गैर आणि दुकानातील वस्तू घरात येऊन मुलाने खाणे मात्र लाडाचे, असा हा विवेक होता. पदार्थ तोच, उंबरठा ओलांडला की त्याचा दोष नाहीसा होई. उपाहारगृहात शिरण्यापूर्वी महाराष्ट्रातील मुलाने अशा रीतीने पुडीतून उपाहारगृहाची चव घेतलेली होती.

३

बाहेरच्या खाण्याभोवती जातीचे कुंपण किती मजबूत होते, हे पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहा-प्रकरणावरून स्पष्ट होते. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे झालेल्या समारंभात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी शहरातील प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. नावे प्रसिद्ध झाली, धर्मपीठापर्यंत तक्रार गेली, चौकशी झाली आणि प्रायश्चित्ताचा वाद बराच काळ चालला. या प्रकरणाची चर्चा नेहमी सुधारकांच्या धैर्याच्या अनुषंगाने होते. त्यातील कौटुंबिक अंगाकडेही लक्ष द्यावयास हवे. ग्रामण्याचा खरा धाक घरातल्यांना असे. मुलाची मुंज कोण लावणार, मुलीला स्थळ कोठून येणार, श्राद्धाला ब्राह्मण मिळणार की नाही, या प्रश्नांनी बहिष्कृत माणूस नमत असे. म्हणजे एका पेल्याची किंमत मुलांच्या भवितव्यात मोजली जाई. अशा समाजात मुलालाच हाताशी धरून सार्वजनिक ठिकाणी चहा पिण्यास जाणे कोणाच्या मनातही येणे कठीण होते.

तथापि सवर्णांच्या दृष्टीने हे कुंपण स्वतःहून आत राहण्याचे होते. ज्यांना बाहेर ठेवण्यात आले होते त्यांच्या मुलांचा अनुभव अगदी निराळा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत १९०१ मधील एका प्रवासाची हकीकत लिहून ठेवली आहे. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीवर होते. त्यांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली व मसूर स्थानकावर उतरली. पत्र वेळेवर हाती न पडल्यामुळे नेण्यास कोणी आलेले नव्हते. मुले महार जातीची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही मुलांनीच बैल हाकावेत या अटीवर. वाटेत मुलांनी डबा उघडला. त्यात घरून मुद्दाम करून दिलेले चांगलेचुंगले पदार्थ होते. परंतु जवळच्या डबक्यातील पाणी गुराढोरांनी इतके घाण केलेले होते की ते तोंडाला लावता येईना. डबा तसाच बंद करावा लागला. रात्री जकात-नाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. अन्न जवळ असूनही ती मुले उपाशी झोपली.

उपाहारगृहांच्या इतिहासात या प्रसंगाला महत्त्वाचे स्थान दिले पाहिजे. प्रवासातल्या मुलाला अन्न लागते तसे पाणी, बसावयाची जागा आणि त्याला हाकलून न देणारा माणूस लागतो. सार्वजनिक खाद्यगृह म्हणजे वस्तुतः याच तीन गोष्टींची विकत मिळणारी हमी होय. घरून डबा आणल्याने जातीचा प्रश्न टळतो, हा सवर्ण कुटुंबांचा अनुभव होता. मसूरच्या वाटेवरील मुलांना डबाही उपयोगी पडला नाही.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केलेल्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस केली. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या स्थळांपुरताच तो ठराव असल्याने खाजगी खाद्यगृह त्याच्या कक्षेबाहेर राहिले. कोल्हापुरात मात्र त्याच्याही आधी एक वेगळा प्रयोग घडला होता. राजर्षी शाहू महाराजांनी दरबारातील एक महार सेवक गंगाराम कांबळे यांना ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे उघडपणे चहा घेऊन इतरांना तो घ्यावयास लावला. छत्रपतीने पेला उचलला तेव्हाच हे शक्य झाले, यावरून सामान्य हॉटेलवाल्याची काय अवस्था होती याची कल्पना येते.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने त्याचे उल्लंघन दंडनीय ठरविले. ज्या स्थळांचा बोले ठरावात उल्लेख नव्हता त्यांचा उल्लेख मूलभूत हक्कांत झाला, हे अंतर सत्तावीस वर्षांचे आहे. कायदा झाल्यानंतरही अनेक खेड्यांतील चहाच्या दुकानांत वेगळी कपबशी ठेवण्याची रीत दीर्घकाळ टिकून होती. मुलाला घेऊन आलेल्या बापाला ती वेगळी कपबशी मुलादेखत विसळून ठेवावी लागे. अपमानाचा वारसा मुलाला कोठे मिळाला, याचे एक उत्तर या बाकड्यावर सापडते.

४

शहरांत कुटुंबाला बसण्याची सोय कशी झाली, हा यापुढचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी इराणातून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी मुंबई-पुण्यात जी हॉटेले काढली, त्यांनी या बाबतीत मोठी कामगिरी केली. मुंबईतील कयानी हे १९०४ चे, मेरवान १९१४ चे, ब्रिटानिया १९२३ चे, तर पुण्यातील गुडलक १९३५ चे. रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागा, संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, आरसे, बरण्यांतील बिस्किटे व नानकटाई ही त्यांची ओळख. येणाऱ्याची जात येथे विचारली जात नसे. यांपैकी पुष्कळ हॉटेलांत लाकडी आडोशाची किंवा पडद्याची एक ‘फॅमिली रूम’ असे. बाहेरच्या दालनात एकटेदुकटे पुरुष बसत आणि आतल्या कप्प्यात स्त्रिया व मुले.

या पडद्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी समजून घ्यावा लागतो. स्त्रीचे सार्वजनिक ठिकाणी खाणे अशोभनीय आहे ही समजूत त्याने मान्य केली, आणि त्याच वेळी तिच्या खाण्याला जागाही करून दिली. मूल या तडजोडीत मध्यस्थ ठरले. एकटी स्त्री फॅमिली रूममध्ये शिरली तर भुवया उंचावत. मूल कडेवर असले की ती ‘कुटुंब’ ठरे. मुलाला भूक लागली होती, हे स्त्रीच्या उपाहारगृहातील प्रवेशाचे सर्वांत निरुपद्रवी कारण होते. मूल स्त्रीबरोबर आले हे खरेच, परंतु पुष्कळदा स्त्रीच मुलाच्या आधाराने आली, असेही म्हणता येईल.

पाट्यांवरील नावांतही हा बदल उमटलेला दिसतो. आरंभीच्या अनेक पाट्यांवर जातीचा वा धर्माचा निर्देश ठळक असे. रेल्वे स्थानकांवरही हिंदू व मुसलमान उतारूंसाठी अल्पोपाहाराची व पाण्याची सोय वेगळी असे. त्यापाठोपाठ स्वच्छतेची व आरोग्याची ग्वाही देणारी नावे आली. दादर येथे १९१० मध्ये सुरू झालेले मामा काणे यांचे ‘स्वच्छ उपाहारगृह’, गिरगावातील १९४० चे ‘विनय हेल्थ होम’, पुण्यातील ‘वैशाली’चे मूळचे नाव ‘मद्रास हेल्थ होम’, ही उदाहरणे बोलकी आहेत. आज चमत्कारिक वाटणारी ‘हेल्थ होम’ ही संज्ञा त्या काळी एका शंकेचे उत्तर होती. पटकी व विषमज्वर यांच्या भयाने आई बाहेरचे खाऊ देत नसे. पाटी तिलाच उद्देशून होती. कोणाच्या हातचे, या प्रश्नाची जागा कशा हातचे, या प्रश्नाने घेतली, असे या नामांतराचे सार सांगता येईल. जुनी शुचितेची कल्पना संपूर्ण नाहीशी झाली असे मात्र नव्हे. ती आरोग्याच्या भाषेत काही अंशी टिकून राहिली.

तिसरी आणि मुलाच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट म्हणजे उडुपी उपाहारगृहांनी रूढ केलेली किंमत-पद्धती. माटुंग्यास १९४० मध्ये कॅफे मद्रास व १९४२ मध्ये ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झाले. पुढच्या दोन-तीन दशकांत दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेल्या मंडळींनी मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत उपाहारगृहांचे जाळे विणले. बोर्डिंगात ताटाचा हिशेब कायम राहिला. उपाहारगृहात मात्र जिनसेवार किंमत आली. इडली, डोसा, शिरा, वडा हे पदार्थ एकेक मागविता येत, लवकर मिळत, फार तिखट नसत आणि हाताने तोडून मुलाला भरविता येत. चार जणांत तीन बश्या मागविणे अपमानास्पद राहिले नाही. चहा बशीत ओतून फुंकर घालून मुलाला पाजण्याची घरची रीत येथेही चालली. मध्यमवर्गीय कुटुंबाला महिन्याकाठी एखाद्या रविवारी, बहुधा चित्रपटाला किंवा बागेत जाऊन आल्यावर, परवडणारा हा खर्च होता.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. टोकियोतील मित्सुकोशी या भांडारातील उपाहारगृहाने १९३० मध्ये मुलांसाठी स्वतंत्र, लहान, सजविलेले ताट तयार केले आणि ती प्रथा जपानभर पसरली. महाराष्ट्रातील उपाहारगृहांनी मुलासाठी वेगळे ताट कधी योजले नाही. मूल मोठ्यांच्या बशीतलेच खात असे. मुलाला स्वतंत्र ग्राहक मानून खेळणी व खेळावयाची जागा देणारी परदेशी पद्धतीची उपाहारगृहे १९९६ नंतर, मॅकडोनाल्डच्या भारतातील आगमनाबरोबर, येथे आली. त्यापूर्वीच्या अर्धशतकात मुलाला बाहेर खाण्याची जी सवय लागली ती आईबापांच्या बशीच्या कडेने लागलेली होती, हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

५

आतापर्यंत ग्राहक म्हणून आलेल्या मुलाचा विचार झाला. परंतु उपाहारगृहात मूल त्याच्या कितीतरी आधीपासून हजर होते. त्याला ‘पोऱ्या’ म्हणत. टेबलावर फडके मारणे, कपबश्या विसळणे, पाण्याचे पेले चार बोटांत धरून आणणे, शेजारच्या कचेरीत चहा पोहोचविणे ही त्याची कामे. गावाकडून आलेल्या, बहुधा नात्यातल्या किंवा ओळखीच्या मुलाला जेवण, झोपण्यास जागा व थोडा पगार यांवर ठेवून घेण्याची पद्धत सर्व प्रकारच्या हॉटेलांत होती. पोऱ्याचा वेटर, वेटरचा मॅनेजर व क्वचित मॅनेजरचा मालक झाला, अशी उदाहरणे या धंद्यात आहेत आणि ती अभिमानाने सांगितली जातात. मुंबईतील रात्रशाळांनी अशा मुलांच्या शिक्षणाला हातभार लावला. मोगवीर व्यवस्थापक मंडळीने १९०८ मध्ये काढलेली रात्रशाळा हे त्याचे एक जुने उदाहरण होय. तथापि वर चढलेल्यांची आठवण राहते; न चढलेल्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. यशोगाथांवरून या पद्धतीचे मूल्यमापन करणे इतिहासदृष्ट्या सदोष ठरेल.

कायद्याचा मार्ग या बाबतीत लांबचा व वळणावळणाचा आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमाने उपाहारगृहांसह सर्व आस्थापनांत बालकांना कामावर ठेवण्यास मनाई केली होती. तरी पोऱ्या दिसेनासा झाला नाही. तपासनीस आला की तो मागच्या दाराने जाई. १९८६ च्या केंद्रीय बालकामगार अधिनियमाने काही व्यवसाय व प्रक्रिया यांत बालकांना मनाई केली, परंतु त्या मूळच्या यादीत हॉटेले नव्हती. धाबे, उपाहारगृहे, हॉटेले व चहाची दुकाने यांचा समावेश १० ऑक्टोबर २००६ पासून झाला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामावर ठेवणे निषिद्ध ठरले. कुटुंबाच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याचा अपवाद मात्र ठेवण्यात आला. १९४८ चा राज्याचा कायदा पुरेसा स्पष्ट असताना २००६ मध्ये पुन्हा मनाई करावी लागली, ही गोष्टच त्या पहिल्या मनाईचे व्यवहारातील वजन किती होते हे सांगते.

ज्या दशकांत मध्यमवर्गीय मूल रविवारी डोसा खाण्यास येऊ लागले, त्याच दशकांत त्याच्याच वयाचा मुलगा त्याचे टेबल पुसत होता. दोघांनी एकमेकांना पाहिले असणारच. आईबापांना यात विसंगती जाणवली नाही याचे कारण घरातही नोकर मुले असत आणि काम करणारे मूल ही नेहमीची गोष्ट होती. ‘फॅमिली रूम’मधील ‘फॅमिली’ या शब्दात पोऱ्याचे कुटुंब अभिप्रेत नव्हते. ते त्याच्या मनिऑर्डरीच्या पत्त्यावर होते. खानावळीत जेवणारा गिरणी-कामगार जसा कुटुंबापासून तुटलेला होता तसाच हा मुलगाही. फरक इतकाच की कामगार खानावळीत ग्राहक होता आणि पोऱ्या ग्राहकही नव्हता.

६

आता पुन्हा चिंचपाड्याकडे वळावयास हवे. शहरांसाठी सांगितलेला क्रम, म्हणजे आधी पुरुषांची खानावळ, मग पडद्याआड कुटुंब, मग पडदा दूर सारलेले कौटुंबिक उपाहारगृह, या भागाला लागू पडत नाही. नवापूर तालुक्यातील आदिवासी समाजांत स्त्री आठवडे बाजाराला स्वतः जाते; आणलेला माल विकते, मीठ-मिरची घेते आणि तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून व चालत्या मुलाला बोटाशी धरून नेते. बाजार आटोपल्यावर भजी, शेव-मुरमुरे किंवा जिलेबी घेऊन झाडाखाली बसून सर्वांनी मिळून खाणे हा बाजाराचाच एक भाग आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा किंवा होळीपूर्वीचे सातपुड्यातील भोंगऱ्या बाजार यांतही कुटुंबे अशीच मुलांसह खातात. येथे पडद्याची गरज नव्हती, कारण स्त्रीने उघड्यावर खाण्यात अशोभनीय असे काही मानलेच जात नव्हते. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने मोठ्या प्रयासाने मिळविलेले सहभोजनाचे स्वातंत्र्य या बाजारांत आधीपासून होते. भिंत, छप्पर, टेबल आणि गल्ला आल्यावर मात्र ही कुटुंबे बाहेर राहिली. पैसा, भाषा आणि ‘आपल्याला आत बसू देतील काय’ ही शंका या तिहींनी त्यांना अडविले. संविधानाने दार उघडले होते. पायरी चढण्याचे धैर्य देण्यास तेवढे पुरेसे नव्हते.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. खानदेशच्या या पट्ट्यातून दक्षिण गुजरातमधील, विशेषतः बारडोली परिसरातील, सहकारी साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे जात आली आहेत. या स्थलांतराचा अभ्यास यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात केला. तोडणीच्या एककाला ‘कोयता’ म्हणतात. त्यात पुरुष, स्त्री आणि पुष्कळदा हाताखाली मोळी बांधावयास मूल असे. मुंबईची गिरणी पुरुषाला कुटुंबापासून तोडून नेत होती, तर ऊसतोड संपूर्ण कुटुंबाला घरापासून तोडून नेते. म्हणून या स्थलांतराने खानावळ जन्माला घातली नाही. तीन दगडांची चूल, आगाऊ मिळालेली ज्वारी आणि फडाच्या कडेला भाकरी, हेच येथले बाहेरचे जेवण. आईबापांबरोबर घराबाहेर जेवणाऱ्या मुलांची गणना केली तर महाराष्ट्रात उपाहारगृहातील मुलांच्या जोडीने या मुलांचीही करावी लागेल. ती शाळेतून महिनोन्महिने गैरहजर राहतात, हे त्यांच्या बाहेरच्या जेवणाचे मूल्य होय.

तिसरी गोष्ट महामार्गाची. सुरत–धुळे महामार्ग नवापूर व विसरवाडीवरून जातो. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाल्यावर सीमा इतकी जवळून आखली गेली की नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आला. महाराष्ट्रात दारूबंदी शिथिल होऊन परमिट रूम निघाल्या. गुजरातमध्ये बंदी चालू राहिली. अशा मार्गांवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ या पाटीला निराळाच अर्थ प्राप्त झाला. मद्यपान करणाऱ्यांपासून स्त्रिया व मुले यांची बसण्याची जागा वेगळी आहे, अशी ग्वाही ती देते. इराणी हॉटेलातील पडदा स्त्रीला परक्या नजरेपासून झाकण्यासाठी होता. महामार्गावरील विभागणी तिला व मुलाला दारूच्या टेबलापासून दूर ठेवण्यासाठी आहे. पाटीवरील शब्द तोच राहून त्यातील भीती बदलली.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, उपाहारगृह कुटुंबाला खुले होण्याची घटना सर्व समाजात एकदम घडली नाही. सवर्ण मध्यमवर्गाच्या बाबतीत स्वतःच घातलेले निर्बंध सैल झाले. दलितांच्या बाबतीत बाहेरून लादलेला निषेध संघर्षाने व कायद्याने मोडावा लागला. आदिवासींच्या बाबतीत निर्बंध नव्हता, निषेधाचा कायदा नव्हता, तरी अंतर राहिले. या तीन इतिहासांना ‘बाहेर खाण्याची वाढती आवड’ या एका नावाखाली एकत्र करणे चुकीचे होय.

दुसरा निष्कर्ष असा की, मुलाच्या प्रवेशाला केवळ सुबत्ता कारण झाली नाही. जिनसेवार किंमत, तत्काळ मिळणारे सौम्य पदार्थ, स्वच्छतेची जाहीर ग्वाही आणि स्त्रीला बसण्याची सोय या व्यावहारिक गोष्टींनी ते दार उघडले. मोठ्या सामाजिक बदलांचा माग घेताना दरपत्रक, पाटी व पडदा यांसारखी क्षुल्लक वाटणारी साधने अभ्यासकाने दुर्लक्षू नयेत.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. उपाहारगृहातील मुलाचा इतिहास लिहावयाचा तर खुर्चीवर बसलेले मूल आणि फडके हाती घेतलेले मूल या दोघांचा एकत्रच लिहावा लागेल. एकाच्या येण्याने दुसऱ्याचे जाणे आपोआप घडले नाही. त्यासाठी वेगळा कायदा, तोही दोनदा, करावा लागला. १९०१ मध्ये डबा जवळ असून उपाशी झोपलेली मुले, पुढच्या दशकांत इतरांच्या बश्या उचलणारी मुले आणि फडाच्या कडेला भाकरी खाणारी कोयत्यावरची मुले यांच्या संदर्भात पाहिले म्हणजे, रविवारी आईबापांबरोबर बसून डोशाचा तुकडा तोडणाऱ्या मुलाला मिळालेली गोष्ट किती मोठी आहे हे कळते. ती सर्वांना मिळाली तेव्हाच हे प्रकरण पूर्ण झाले असे म्हणता येईल. चिंचपाड्यासारख्या गावांच्या दृष्टीने ते अद्याप चालू आहे.